तीनशेंपैकी एक
(‘संशयाचे धनी’ : लेखांक ७)

मागच्या लेखातल्या कॅप्टन ड्रायफसवरचा आरोप निदान एका कागदाभोवती फिरत होता. तो कागद त्याच्या हातचा नव्हता हे सिद्ध झालं आणि, बारा वर्षांनी का होईना, १९०६मध्ये तो निर्दोष सुटला. या आठवड्यातल्या माणसाविरुद्ध असा कागदच नव्हता. खोटा ठरवायचा तरी काय?

वाल्टर राथेनाऊ हा बर्लिनच्या ‘एईजी’ या बलाढ्य वीज कंपनीच्या संस्थापकाचा मुलगा. ज्यू. तरुणपणी त्याने प्रशियाच्या घोडदळात वर्षभर सेवा केली, पण राखीव दलात अधिकारी होता आलं नाही. ज्यूंना ते पद देतच नसत. बाप्तिस्मा घेतला असता तर पुष्कळ दारं उघडली असती. त्याने घेतला नाही. गंमत अशी की, १८९७मध्ये यानेच एका लेखात स्वतःच्या समाजाला झोडपलं होतं: वेगळेपण सोडा, जर्मन व्हा. ‘मुख्य प्रवाहात या’ हा उपदेश त्याला करण्याची कुणाला गरजच नव्हती.

ऑगस्ट १९१४. ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवला आणि चिलीहून येणारा सोरा बंद झाला. सोऱ्याशिवाय दारूगोळा नाही. युद्ध चार-सहा महिन्यांत आटोपणार या भरवशावर सेनापतींनी कच्च्या मालाचा हिशेबच मांडला नव्हता. राथेनाऊने युद्धमंत्रालयात जाऊन ही गोष्ट त्यांच्या गळी उतरवली. त्यातून नवं खातं उभं राहिलं. धातू, लोकर, रबर, रसायनं, सगळ्याची नोंद, ताबा आणि वाटप तिथून होऊ लागलं. मार्च १९१५पर्यंत त्याने ते चालवलं. जर्मनी चार वर्षं लढू शकली त्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा होता.

आणि नेमकं हेच काम पुढे त्याच्या अंगाशी आलं. टंचाई वाढली, भाव चढले, तशी कुजबुज सुरू झाली: जर्मन पोरं मरतात आणि युद्धकंपन्यांतले ज्यू गबर होतात. ऑक्टोबर १९१६मध्ये तर लष्कराने किती ज्यू आघाडीवर आहेत याची वेगळी मोजणीच काढली. निकाल युद्ध संपेपर्यंत जाहीर केला नाही. मोजायला घेतलं म्हणजे काहीतरी असणार, एवढं लोकांना पुरलं. त्या युद्धात सुमारे १२,००० जर्मन ज्यू सैनिक मेले.

युद्धानंतर दोस्तांनी १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई लादली. राथेनाऊ १९२१मध्ये पुनर्रचना मंत्री झाला, फेब्रुवारी १९२२पासून परराष्ट्रमंत्री. त्याचं धोरण थंड डोक्याचं होतं: प्रामाणिकपणे फेडायला लागा, म्हणजे फेडणं अशक्य आहे हे जगालाच दिसेल. विरोधकांच्या लेखी तो फ्रेंचांचा हस्तक ठरला. एप्रिलमध्ये त्याने रापालो इथे सोव्हिएत रशियाशी करार करून जर्मनीचं एकटेपण फोडलं, तर तो बोल्शेविकांचा साथीदार झाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आइन्स्टाइनने त्याला भेटून हे पद सोडायला सांगून पाहिलं. त्याने ऐकलं नाही, पोलीस संरक्षणही नाकारलं. २३ जूनला संसदेत हेल्फरिश या राष्ट्रवादी नेत्याने सरकारच्या धोरणावर घणाघात केला. (युद्धाचा खर्च कर्ज काढून भागवणारा अर्थमंत्री हाच. त्याच्या देशभक्तीचं लेखापरीक्षण कुणी मागितलं नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रूनेवाल्डमधल्या रस्त्यावर राथेनाऊच्या उघड्या मोटारीवर गोळ्या झाडल्या गेल्या, वर हातबॉम्ब फेकला गेला.

सगळे जर्मन त्याच्या विरोधात होते असं मात्र म्हणता येणार नाही. कामगार संघटनांनी काम बंद ठेवलं, लाखो लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. अविश्वासाला बहुमत लागत नाही. पिस्तूल असलेली चार पोरं पुरतात.

ऑक्टोबरमध्ये लाइपझिशला खटला उभा राहिला. दोघे मुख्य मारेकरी आधीच मेले होते. गाडी चालवणारा टेखोव्ह पिंजऱ्यात होता. त्याने सांगितलं, राथेनाऊ हा जगावर गुप्तपणे राज्य करणाऱ्या तीनशे ज्यू म्होरक्यांपैकी एक आहे, असं आपल्या साथीदाराने पटवून दिलं होतं. हे तीनशे आले कुठून? राथेनाऊच्याच १९०९च्या एका लेखातून. युरोपचं अर्थकारण एकमेकांना ओळखणाऱ्या तीनशे माणसांच्या हाती आहे, अशी त्यात तक्रार होती. ज्यूंचा उल्लेखही नव्हता. पण ज्यूंच्या जागतिक कटाचा ‘पुरावा’ म्हणून फिरणाऱ्या बनावट कागदपत्रांना ते वाक्य चिकटवलं गेलं. ती बनावट असल्याचं लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१मध्येच उघड केलं होतं. त्याने खप कमी झाला नाही.

टेखोव्हला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. १९३०मध्ये तो सुटला. १९३३मध्ये हिटलरच्या राजवटीने त्या दोन मारेकऱ्यांचा वीर म्हणून गौरव केला.

पुढच्या आठवड्यात : पॅरिस, जून १९३६. लेऑं ब्लूम पंतप्रधान म्हणून सभागृहात उभे राहतात, आणि एक सभासद त्यांच्या धोरणाबद्दल नव्हे, वंशाबद्दल बोलायला लागतो.