उन्हाआधी आणि वाऱ्याआधी : मुलांसह बारामती-इंदापूरची सहल

वार्षिक परीक्षा संपल्या की घराघरांत एकच प्रश्न चर्चेला येतो : सुट्टीत मुलांना न्यायचे कोठे? थंड हवेच्या ठिकाणांचे आरक्षण मिळालेले नसते, कोकणच्या घाटात वाहनांच्या रांगा लागलेल्या असतात आणि नोकरदार आई-वडिलांच्या हाती रजा असते जेमतेम दोन दिवसांची. अशा वेळी पुण्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावरील बारामती आणि इंदापूर हे तालुके सहसा कोणाच्या यादीत नसतात. ऊस, साखर कारखाने आणि राजकारण यांपलीकडे या भागाची ओळख शहरी वाचकाला फारशी नाही. वास्तविक एप्रिल-मे महिन्यांत लहान मुलांना दाखविण्यासारखे येथे पुष्कळ आहे. अट एकच. सहलीचे वेळापत्रक मोठ्यांच्या सोयीने न आखता उन्हाच्या आणि वाऱ्याच्या सोयीने आखावे लागते. ही अट न पाळल्यास काय घडू शकते, याची कटू आठवण उजनीच्या पाण्याने अलीकडेच ठेवली आहे.

तीन रूपांचा प्रदेश

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या दोन तालुक्यांत पाऊस मुळातच कमी. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला आणि त्याच्या काठाने उसाचा हिरवा पट्टा तयार झाला. कालव्याचे पाणी जेथे पोहोचले नाही, त्या सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी या बाजूंना माळरान तसेच राहिले. पुढे १९८० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील उजनी येथे भीमेवरील धरण पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याचे पाणी इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर दूरवर पसरले आणि अनेक गावांना नव्या जागी वसावे लागले. बागायत, माळरान आणि धरणाचे पाणी अशी तीन भिन्न रूपे मुलांना एकाच दिवसात पाहता येतात. भूगोलाच्या पुस्तकातील पर्जन्यछाया, कालवा, धरण हे शब्द येथे डोळ्यांसमोर उभे राहतात.

पाणी ओसरते, पक्षी दिसतात

उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा होय. उन्हाळ्यात पाणी या मर्यादेच्या खाली गेले की धरण 'उणे'त गेले, असे म्हटले जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात, आदल्या वर्षी पावसाने ओढ दिल्यामुळे, हा आकडा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. शेतकऱ्यांसाठी ही चिंतेची बाब. पक्ष्यांसाठी मात्र ती पर्वणी ठरते. पाणी मागे सरकते तसा काठाचा गाळ आणि गुडघाभर पाण्याची डबकी उघडी पडतात. शेवाळ, किडे, शिंपले आणि लहान मासे सहज हाती लागतात.

भिगवण, कुंभारगाव आणि डिकसळ या परिसरात दिसणारे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, याच उथळ पाण्याच्या ओढीने येतात. रोहित पक्षी चोच उलटी धरून पाण्यात बुडवितो, पाणी आत ओढतो आणि चोचीतील चाळणीतून ते बाहेर सोडून अन्न तेवढे ठेवून घेतो. त्याच्या पंखांची गुलाबी छटाही खाण्यातूनच येते. घरी चहा गाळताना पाहिलेल्या मुलाला ही चाळणी लगेच समजते. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आलेले पट्टकादंब मार्चअखेर परतलेले असतात. रोहित मात्र पाणी उथळ असेल तर उन्हाळ्यातही मुक्काम लांबवितात. धरणात पाणी अधिक असलेल्या वर्षी ते विखुरतात किंवा लवकर निघून जातात. म्हणून घरातून निघण्यापूर्वी स्थानिक मार्गदर्शकाकडे चौकशी करणे इष्ट.

फुगवट्याखाली गेलेले पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिरही पाणी खूप खाली गेलेल्या वर्षी उघडे पडते. २०२४ मध्ये ते पाहण्यासाठी गर्दी झाली होती. तेथे जाताना एक सावधगिरी आवश्यक आहे. नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळाला वरून भेगा पडलेल्या असतात, तो कोरडा वाटतो. आत मात्र ओल असते आणि पाय रुततो. मुलांना हात धरूनच न्यावे आणि गावकऱ्यांच्या रुळलेल्या वाटेवरूनच चालावे.

पक्षी पाहण्यासाठी पाण्यातच उतरले पाहिजे, असेही नाही. इंदापूर शहरात तहसील कचेरीच्या आवारातील जुन्या चिंचेच्या झाडांवर चित्रबलाकांची वसाहत भरते. पिवळी लांब चोच, पाठीवर गुलाबी पिसांचा झुपका आणि घरट्यांत पिल्लांचा अखंड कलकलाट हे दृश्य सावलीत उभे राहून पाहता येते. भिगवणनजीकच्या भादलवाडी तलावातील झाडांवरही या पक्ष्यांची घरटी असतात. येथे आरडाओरडा केल्यास किंवा दगड मारल्यास पक्षी घरटे सोडून उडतात आणि तेवढ्या वेळात पिल्ले उन्हात होरपळतात, हे मुलांना आधी सांगितले, तर ती आपणहून गप्प राहतात.

वळवाचा वारा आणि बोट

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात सापडून उजनीच्या पाण्यात उलटली. एक जण पोहत काठावर आला. सहा जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत दोन लहान मुले होती. ही बोट सहलीची नव्हती. पाण्याच्या दोन्ही तीरांवरील ग्रामस्थ रोजच्या कामासाठी असाच प्रवास करीत आले आहेत. पाणी आणि वारा ओळखणाऱ्यांच्या वाट्याला हे येते, तर शहरातून आलेल्या कुटुंबाने किती सावध असावे, हे निराळे सांगावयास नको.

हा वारा येतो कोठून? वैशाखात दिवसभर जमीन तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि बाष्प मिळाल्यास दुपारनंतर उंच ढग उभे राहतात. या ढगांतून पाऊस कोसळू लागला की थंड हवा वेगाने खाली येऊन जमिनीवर चहूकडे धावते. वळवाच्या सरीपूर्वी येणारा धुळीचा लोट तो हाच. उघड्या जलाशयावर त्याला अडविणारे झाड नाही, टेकडी नाही. काही मिनिटांत लाटा उसळतात आणि सपाट बुडाची लहान बोट हेलकावू लागते. त्यामुळे बोटीची फेरी सूर्योदयानंतरच्या दोन-तीन तासांतच उरकावी. सायंकाळी पश्चिमेला ढग दाटलेले दिसल्यास बोटीचा विचारही करू नये.

बोटीत बसण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट काठावरच अंगात घालून त्याचे सर्व पट्टे आवळावेत. मोठ्यांचे जाकीट मुलाला चालत नाही. पाण्यात पडताच ते वर सरकते आणि डोके त्यातून निसटते. मुलाच्या मापाचे जाकीट नसेल, तर फेरी रद्द करण्यात कमीपणा नाही. छायाचित्रासाठी सर्वांनी एकाच बाजूला झुकू नये आणि ठरलेल्या संख्येहून अधिक माणसे घेणाऱ्या बोटीत बसू नये. तान्ह्या बाळाला घेऊन एकाने काठावरच थांबावे. चांगली दुर्बीण असेल, तर काठावरूनही रोहितांचा थवा समाधानाने पाहता येतो.

हीच दक्षता कालव्याबाबतही हवी. आवर्तन सुटलेले असताना नीरा डाव्या कालव्याचे पाणी वरून संथ दिसते. त्याला आतून मात्र चांगलीच ओढ असते आणि उताराच्या निसरड्या काठावर चढून येण्यासाठी आधार मिळत नाही. गावची पोरे उड्या मारताना दिसली, तरी आपल्या मुलांना तेथे उतरू देऊ नये.

माळरानाची सकाळ

पाण्याइतकेच वेधक आहे ते माळरान. बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ मध्ये घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. मात्र येथे चिंकारा दिसण्याची शक्यता चांगली असते. अष्टविनायकांपैकी मोरगाव जवळच असल्याने देवदर्शन आणि अभयारण्य एकाच सकाळी साधते. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ या ठिकाणी वन विभागाने २०२४ मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ठरलेल्या मार्गावरून आणि मार्गदर्शकासह जावे लागते. लांडगा, खोकड, तरस, चिंकारा आणि धाविकासारखे जमिनीवरचे पक्षी हे या माळाचे रहिवासी होत. ते दिसतीलच याची हमी कोणी देऊ शकत नाही, हे मुलांना आधीच सांगावे. ठसे, लेंड्या, वारुळे आणि बिळे शोधण्याचा खेळ ठेवला, तर प्राणी न दिसताही सकाळ वाया जात नाही.

उन्हाळ्यात गवत वाळून पिवळे पडलेले असते. एका ठिणगीने संपूर्ण माळ पेटू शकतो. चूल, स्टोव्ह किंवा विडी-काडी येथे वर्ज्य समजावी. पाणवठ्याजवळ गाडी थांबवून डबा उघडणेही टाळावे; माणसे हटेपर्यंत तहानलेली जनावरे जवळ येत नाहीत.

दुपार छपराखाली

सकाळी अकरा ते सायंकाळी चार ही वेळ उघड्यावर काढण्याची नव्हे. पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा लहान मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर त्रास होतो. त्यांच्या शरीराच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र अधिक असल्याने बाहेरची उष्णता अंगात लवकर शिरते, घाम कमी येतो आणि खेळाच्या नादात ती पाणी मागत नाहीत. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला घोटभर पाणी, ताक किंवा पन्हे द्यावे. लघवी कमी आणि गडद होणे, ओठ सुकणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे, मूल मलूल होणे ही शरीरातील पाणी घटल्याची लक्षणे आहेत. जवळ क्षारसंजीवनीचे पाकीट असावे. ते नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून द्यावे. माप चहाच्या चमच्याचे असावे आणि मीठ वाढवू नये. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. आईचे दूध अधिक वेळा पाजणे पुरेसे असते. अंग भाजत असेल आणि मूल असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपली, तर त्याला सावलीत घेऊन कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसत वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

झोपलेल्या मुलाला 'पाच मिनिटांसाठी' बंद मोटारीत ठेवून दर्शनाला किंवा खरेदीला जाण्याची सवय जीवघेणी आहे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढू शकते. काच बोटभर उघडी ठेवल्याने त्यात विशेष फरक पडत नाही.

दुपारसाठी बारामती शहर सोयीचे आहे. २०२२ मध्ये सुरू झालेले राजीव गांधी यांच्या नावाचे विज्ञान केंद्र मुलांना हाताने प्रयोग करून पाहण्याची संधी देते. वेळ आणि प्रवेशाची चौकशी आधी करावी. कऱ्हा नदीच्या काठी वसलेले हे शहर कवी मोरोपंतांचे. १७२९ मध्ये जन्मलेल्या मोरोपंतांनी येथेच काव्यरचना केली आणि १७९४ मध्ये येथेच देह ठेवला. त्यांनी रामायणे रचली ती शंभरावर, आणि त्यांतील 'निरोष्ठ रामायणा'त ओठाला ओठ लागेल असे, म्हणजे प, फ, ब, भ, म यांपैकी एकही अक्षर येऊ दिले नाही. 'आई' म्हणताना ओठ मिटत नाहीत, 'बाबा' म्हणताना मिटतात, एवढे सांगून मुलांना तशी वाक्ये रचावयास लावल्यास गाडीतील तास-दीड तास सहज सरतो.

दोन दिवसांचा आराखडा

पहिल्या दिवशी पहाटे निघून मोरगाव आणि सुपे साडेनऊपर्यंत आटोपावे, दुपार बारामतीत काढावी आणि ऊन उतरल्यावर भिगवणच्या बाजूला मुक्कामास जावे. दुसऱ्या दिवशी उजाडताच उजनीच्या काठावर असावे, नऊ-साडेनऊला पाण्यावरून परतावे, न्याहारी करून इंदापूरचे चित्रबलाक पाहावेत आणि दुपारचे जेवण सावलीत घ्यावे. भिगवण परिसरात ताज्या चिलापीचे जेवण प्रसिद्ध आहे. मुलांना देताना काटे पाहून द्यावेत. स्वतःचे वाहन नसणाऱ्यांसाठी भिगवण हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्थानक आहे आणि बारामतीला दौंडहून रेल्वेचा फाटा जातो.

मे महिना उन्हाचाच असेल, हेही आता गृहीत धरता येत नाही. मे २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अतिवृष्टी होऊन नीरा डावा कालवा फुटला, घरांत पाणी शिरले आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके पाठवावी लागली. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा पाहावा. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप परिसरातील विजेची सूचना देते; तेही उपयोगी पडते. विजा चमकू लागल्यास झाडाखाली न थांबता पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या मोटारीत बसावे.

सहलीत एखादे ठिकाण राहून गेले, तर मुलांची तक्रार संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. 'आज वारा आहे, बोट नको' असे म्हणून काठावरून परत फिरलेल्या कुटुंबाचे काहीच बिघडत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा ओसरणार आहे, आणि रोहितही पुन्हा येणार आहेत.