भीती घटली की पावले चालतात

मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांना मी रोज अर्धा तास चालायला सांगतो. ‘अंधार पडल्यावर बाहेर जायची भीती वाटते,’ असे अनेक स्त्रिया व वृद्ध सांगतात. ही सबब समजू नये. भीतीने चालणे सुटते, झोप उडते, मन खचते. त्यावर गोळी नाही.

उपाय मात्र आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक जागांचा अभ्यास झाला. काही जागांतला कचरा काढून हिरवळ व झाडे लावली, बुटके लाकडी कुंपण घातले. काही तशाच ठेवल्या. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुधारलेल्या जागांजवळच्या रहिवाशांची बाहेर पडण्याची धास्ती सुमारे ५८ टक्क्यांनी कमी झाली. गरीब वस्त्यांत बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी घटले. खर्च जागेमागे सुमारे सोळाशे डॉलर.

पैसा कुठून आणायचा? सिएटल शहराने १९८८ साली एक निधी सुरू केला. योजना रहिवाशांनी आखायची. पालिका जेवढे देईल, तेवढ्याच मोलाचे श्रम, साहित्य किंवा वर्गणी त्यांनी घालायची. एकत्र घाम गाळला की शेजाऱ्यांची ओळख होते आणि ओळखीच्या गल्लीत भीती कमी वाटते.

वाचकहो, आपल्या गल्लीतला भीतीचा कोपरा चौघांनी मिळून हेरा. झुडपे, कचरा श्रमदानाने काढा. दिव्यासाठी नगरपालिकेकडे सह्यांचा अर्ज द्या. आणि मग संध्याकाळी सोबतीने फिरायला निघा.