रक्तांतील कोलेस्टेरॉल आणि स्तनाचा कर्करोग

कोलेस्टेरॉल हा शब्द कानीं पडला कीं बहुतेकांना हृदयविकार आठवतो. परंतु हा पदार्थ शरीराचा शत्रु नव्हे. प्रत्येक पेशीचें आवरण घडविण्यास तो लागतो. इस्ट्रोजेनसारखीं संप्रेरकें त्याच्यापासूनच बनतात. आणि त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच निर्माण करतें. मग असा उपयोगी पदार्थ स्तनाच्या कर्करोगास हातभार कसा लावतो ?

याचें उत्तर कोलेस्टेरॉलपासून शरीरांत तयार होणाऱ्या २७-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल या द्रव्यांत सांपडतें. स्तनाच्या बहुसंख्य कर्करोगांत पेशींमध्यें इस्ट्रोजेनचे ग्राहक असतात. ग्राहक म्हणजे जणुं कुलूप, व इस्ट्रोजेन ही त्याची किल्ली. वरील द्रव्य ही त्याच कुलुपास लागणारी दुसरी किल्ली होय. रजोनिवृत्तीनंतर खरी किल्ली दुर्मिळ झाली, तरी ही दुसरी शिल्लक राहते.

अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाचे डोनाल्ड मॅक्डोनेल व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं असें दाखविलें कीं, या द्रव्यानें गांठ वाढते व रोग फुप्फुसांकडे पसरतो. आणि तें बनविणारें विकर रोखलें असतां कोलेस्टेरॉलयुक्त आहाराचा दुष्परिणाम कमी होतो. २०१७ सालीं इलिनॉय विद्यापीठांतील संशोधनानें आणखी एक दुवा जोडला : हें द्रव्य रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशींना जणुं फितवितें, व रोगास अडविण्याऐवजीं त्याला वाट करून देण्यास लावतें.

मात्र उंदरांत घडलें तें स्त्रियांतही तसेंच घडेल, असें नव्हे. डेन्मार्कमध्यें अठरा हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या नोंदी तपासल्या असतां, सिम्व्हास्टॅटिन हें कोलेस्टेरॉल उतरविणारें औषध घेणाऱ्यांत रोग उलटण्याचें प्रमाण कमी असल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. तथापि औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या स्त्रियांत इतरही भेद असूं शकतात. म्हणून केवळ नोंदींवरून औषधास श्रेय देतां येत नाहीं. त्यासाठीं जणुं चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडावे लागतात, आणि एकास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी निरौषध गोळी देऊन वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते.

कोलेस्टेरॉल मर्यादेंत ठेवणें हृदयास हितकर आहेच. परंतु त्याचा आंकडा उत्तम आहे म्हणून स्तनांतील गांठीकडे कानाडोळा करणें, अथवा पथ्यावर विसंबून शस्त्रक्रिया व औषधोपचार लांबणीवर टाकणें, प्राणावर बेतेल. गांठ हातास लागतांच संकोच सोडून डॉक्टरांकडून तपासणी करून घेणें, हेंच पहिलें कर्तव्य होय.