पौर्णिमा एकच, डोंगर दोन

ओस्लो : डहाणूहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बर्फ पडतोय ना गं? मग घरातच बस." तिच्या आणि बहुधा तुमच्याही डोळ्यांपुढचं चित्र असं : बाहेर पांढरा शुकशुकाट, दारं-खिडक्या बंद आणि आत शेगडीपाशी गोधडीत गुरफटलेली माणसं. इथे येईपर्यंत मलाही तेच वाटायचं. प्रत्यक्षात बर्फ पडला की आमची इमारत रिकामी होते.

एक नंबरची मेट्रो शहरातून थेट डोंगरावर, फ्रॉग्नेर्सेतेरेनला जाते. आपल्या डहाणू लोकलमध्ये सकाळी जशा पाट्या नि टोपल्या, तशा तिच्यात स्की आणि घसरगाड्या. वर उतरायचं, घसरगाडीवर बसून दोन किलोमीटर किंचाळत मिडस्टुएन स्टेशनापाशी यायचं आणि त्याच मेट्रोनं पुन्हा वर जायचं. पाळणाघरातली बाळं दुपारी उघड्यावर, बाबागाडीत झोपवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पोलिसांना बोलावण्याच्या बेतात होते. आणि आपल्याकडे पारा १५ वर आला की कानटोप्या निघतात!

शेजारच्या बाई ७४ वर्षांच्या आहेत. स्कीला मेण लावायला मला त्यांनी शिकवलं. कडाक्याच्या थंडीला हिरवं, जरा कमीला निळं, शून्याच्या आसपास जांभळं. चुकलात तर चढावर पाय मागे घसरतो, नाहीतर तळाला बर्फाचे गोळे चिकटतात. बाई थर्मामीटर बघत नाहीत. चिमटीत बर्फ चुरडतात आणि डबी उचलतात. धाकट्या डहाणूचा तांडेल असाच नुसत्या वाऱ्यावरून होडी काढायची की नाही ते ठरवतो.

इथलं सगळंच गोड आहे असं समजू नका. वाटेवर भेटलेला अनोळखी माणूस हसून 'हाय' करतो, तोच दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये छताकडे बघत उभा राहतो. तीन तास बर्फ तुडवल्यावर जेवण काय, तर गार पावाचे दोन काप आणि वर तपकिरी चीज. अशा वेळी मला तलासरीच्या पुढे, अच्छाड ओलांडल्यावर महामार्गाच्या कडेला लागणारी उंबाडियूची मडकी आठवतात. उलटं मडकं, भोवती जाळ आणि आत पापडी, कंद, रताळी. ते मडकं या बर्फात आणलं तर ही माणसं स्की विसरतील.

खरी गर्दी ईस्टरला. वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, आणि ती पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली चैत्री पौर्णिमाच असते. वाघाडीचा पुजारी मध्यरात्री ध्वज घेऊन महालक्ष्मीचा गड चढतो, विवळवेढ्याला यात्रा भरते, आणि त्याच सुमारास इकडे ओस्लो ओस पडतं. पाठपिशवीत संत्री नि चॉकलेट घेऊन सगळे डोंगरात. फरक एवढाच की आपल्याकडे डोंगर चढायचा तो नवसासाठी नाहीतर सरपणासाठी. तलासरीकडची बाई मोळी घेऊन अनवाणी उतरते, तिच्या चालीला खेळ कोण म्हणणार?

इथे १९५७ पासून कायदाच आहे, रानावनात कोणीही चालावं. शेतंसुद्धा बर्फाखाली गेली किंवा गोठली की १४ ऑक्टोबर ते ३० एप्रिल मोकळी. जमीन कोणाची हा प्रश्न बर्फ झाकून टाकतो. आपल्याकडे तो कधी झाकलाच गेला नाही. १९४५ मध्ये तलासरीतल्या झरीला वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, आणि त्यांचा जंगलावरचा हक्क कायद्यात यायला २००६ उजाडलं.

१८६८ साली स्थापन झालेल्या इथल्या पर्यटन संघटनेची घरकुलं डोंगराडोंगरांत आहेत. पुष्कळ ठिकाणी राखणदार नाही. कुलूप आपण उघडायचं, कोठारातलं खाल्लं ते लिहून पैसे भरायचे, बर्फ वितळवून पाणी करायचं, निघताना झाडून काढायचं. "आणि कोणी पैसे न भरताच गेलं तर?" असं मी विचारलं. बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती आठवली की अजून कान तापतात.

गेल्या ईस्टरला असंच एक घरकुल अर्ध्या तासावर राहिलं असताना वारा उठला. वाटेच्या खुणेला बर्फात रोवलेल्या बर्चच्या फांद्या दिसेनाशा होऊ लागल्या. बाई थांबल्या, आकाशाकडे बघितलं आणि मागे वळल्या. चर्चा नाही, कुरकुर नाही. १९६७ च्या ईस्टरला इथल्या डोंगरांत १८ जण दगावले, त्यानंतर डोंगराचे नियम घरोघरी पोहोचले. चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतही ते छापतात. त्यांतला एक असा, की वेळेत परत फिरा, त्यात लाज नाही.

मला गंभीरगड आठवला. कॉलेजात असताना मे महिन्यात आम्ही आठजण निघालो. पायथ्याच्या पाड्यावर एका म्हाताऱ्यानं सांगितलं, उन्हाचं चढू नका, पहाटे या. आम्ही हसलो. निम्म्या चढावर पाणी संपलं, एकजण चक्कर येऊन पडला. तोच म्हातारा कॅन घेऊन वर आला, पोराला आधार देत खाली घेऊन गेला. आम्ही त्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवले. त्यानं मागितले नव्हते. नाव आम्ही विचारलं नाही. बाईंचा शब्द मी नियम म्हणून मुकाट ऐकला, त्याचा मात्र अडाण्याची भीती म्हणून उडवून लावला होता.

तेव्हा आपल्या डोंगरांना बर्फ नको, कायद्याचं भाषांतर नको. चैत्रात गडावर याल तेव्हा एवढंच करा : पहाटे निघा, नेलेली बाटली खाली आणा, आणि पाड्यावरचा माणूस आता जाऊ नका म्हणाला तर त्याचं नाव विचारा आणि परत फिरा.