दोन व्हॉल्व्ह की चार? मोटारसायकलच्या ‘हेड’मधला खरा फरक

मोटारसायकल घ्यायला शोरूममध्ये गेले की ‘फोर व्हॉल्व्ह’, ‘ट्विन स्पार्क’, ‘डीओएचसी’ असे शब्द हमखास कानावर पडतात. त्यांच्यासोबत किंमतही चढत जाते. पण नालासोपाऱ्याच्या आचोळे रोडवर सकाळच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडणाऱ्याला, किंवा आगाशीहून भाजीची टोपली मागे बांधून विरार स्थानक गाठणाऱ्याला या शब्दांचा उपयोग किती? याचे उत्तर इंजिनाच्या माथ्यावरच्या भागात आहे. मेकॅनिक त्याला नुसते ‘हेड’ म्हणतात.

पिस्टन ज्या नळकांड्यात वर-खाली होतो, त्याचे झाकण म्हणजे हेड. पण ते निव्वळ झाकण नाही. पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह, जळालेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, त्यांची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट आणि ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग हे सगळे हेडमध्येच बसवलेले असते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. इंजिनाचा श्वास कसा चालतो, हे हेडची रचना ठरवते.

वर्तुळांचे गणित

एका गोल ताटात दोन सारख्या वाट्या ठेवल्या, तर त्या ताटाची जास्तीत जास्त निम्मी जागा व्यापतात. त्याच ताटात चार सारख्या वाट्या बसवल्या, तर सुमारे ६९ टक्के जागा व्यापली जाते. चार व्हॉल्व्हच्या हेडमागचे तत्त्व हेच आहे. प्रत्यक्ष हेडमध्ये व्हॉल्व्हच्या मध्ये धातू ठेवावा लागतो, त्यामुळे आकडे कमी भरतात. पण फरक उरतोच. शिवाय लहान व्हॉल्व्ह वजनाला हलका असतो, म्हणून तो जास्त वेगात नीट उघडझाप करू शकतो. इंजिन जोरात फिरू लागले, की चार व्हॉल्व्हचे इंजिन भरपूर हवा ओढते आणि ताकद वाढत जाते.

सावकाश चालवताना मात्र चित्र बदलते. रुंद वाटेने थोडी हवा गेली की तिचा वेग मंदावतो, आणि पेट्रोल तिच्यात नीट मिसळायला वेग लागतो. दोन व्हॉल्व्हच्या हेडमधली वाट अरुंद असल्याने कमी फेऱ्यांवरही हवा जोमाने आत शिरते. म्हणूनच रोजच्या वापराच्या अनेक मोटारसायकलींत आजही दोनच व्हॉल्व्ह असतात.

पुण्याच्या बजाज ऑटोच्या दोन गाड्यांची तुलना बोलकी आहे. पल्सर एनएस१६० मध्ये १६०.३ सीसीचे चार व्हॉल्व्हचे इंजिन आहे. ते ९००० फेऱ्यांवर १७.२ पीएस ताकद देते. पल्सर एन१६० मध्ये १६४.८ सीसीचे दोन व्हॉल्व्हचे इंजिन असून त्याची ताकद ८७५० फेऱ्यांवर १६ पीएस आहे. चाक फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, दोन्हींचा जवळजवळ सारखा, साधारण १४.६ न्यूटन-मीटर. पण चार व्हॉल्व्हच्या इंजिनात तो ७२५० फेऱ्यांवर मिळतो, तर दोन व्हॉल्व्हच्या इंजिनात ६७५० वर. यात सीसीचा आणि ट्यूनिंगचाही वाटा आहे, तरी कल स्पष्ट दिसतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ओव्हरटेक करताना पहिली गाडी सरस ठरेल. वसई फाट्याच्या कोंडीत मात्र तिचा जादा दम वापरलाच जात नाही.

ठिणगी कुठे पडते?

चार व्हॉल्व्हच्या मधोमध स्पार्क प्लगला आयती जागा मिळते, आणि ज्योत सगळीकडे सारखी पसरते. दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्लग कडेला सरकतो आणि ज्योतीला दूरच्या टोकापर्यंत जावे लागते. यावर बजाजने २००३ साली पल्सरमध्ये तोडगा आणला. दोन बाजूंना दोन प्लग बसवले आणि त्याला ‘डीटीएस-आय’ नाव दिले. दोन ज्योती दोन बाजूंनी निघाल्याने मिश्रण लवकर आणि अधिक पूर्ण जळते. या रचनेच्या पेटंटवरून बजाज आणि टीव्हीएस यांच्यात पेटलेला वाद २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता.

प्रश्न फुप्फुसांचाही

हेडमधले ज्वलन अर्धवट राहिले, तर न जळलेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड एक्झॉस्टमधून बाहेर पडतात. कोंडीत हा धूर थेट मागच्या चालकाच्या नाकात जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. फ्युएल इंजेक्शन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे नव्या गाड्यांचा धूर बराच कमी झाला. पण हेड बिघडले, की ही यंत्रणाही हतबल होते. व्हॉल्व्हची सील झिजली तर ऑइल आत गळून जळते. सकाळी गाडी सुरू करताना निघणारा निळसर धूर ही त्याची खूण. असे ऑइल जळत राहिले, तर महागडा कन्व्हर्टरही निकामी होतो.

दुसरा दुर्लक्षित भाग म्हणजे टॅपेट. व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यात साधारण केसाच्या जाडीएवढी फट ठेवलेली असते. गाडी चालता चालता ही फट कमी होत जाऊ शकते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि त्याची कड जळते. टकटक आवाज आला की सगळे गॅरेज गाठतात. घट्ट झालेला टॅपेट मात्र आवाज न करता नुकसान करतो. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला टॅपेट तपासून घ्यावेत. साध्या दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये हे काम स्क्रू फिरवून झटपट होते. डीओएचसी म्हणजे दोन कॅमशाफ्टच्या हेडमध्ये अनेकदा कॅमशाफ्ट उतरवावे लागतात, आणि मजुरी वाढते.

वसई-विरारच्या पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. जुलै २०१८ मध्ये हा परिसर पाण्याखाली गेला होता, आणि सखल भागांत पाणी तुंबण्याची भीती दरवर्षी असते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नये. पाणी दाबले जात नाही. ते व्हॉल्व्हवाटे आत गेले असेल, तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत कोरड्या जागी न्यावी, मेकॅनिककडून प्लग काढून पाणी काढून घ्यावे आणि ऑइलही तपासावे. हेडभोवतीच्या फिन्समधला चिखल वेळच्या वेळी धुवावा, मात्र इंजिन थंड झाल्यावरच.

घर ते स्टेशन, बाजार, शाळा एवढाच वापर असेल, तर दोन व्हॉल्व्हचे साधे हेड पुरेसे आहे. ते स्वस्त पडते आणि दुरुस्तीलाही सोपे जाते. घोडबंदरमार्गे रोज ठाणे गाठणाऱ्याला किंवा महामार्गावर लांब जाणाऱ्याला चार व्हॉल्व्हचा फायदा जाणवेल. टेस्ट राइड घेताना गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवून पाहण्याआधी तिसऱ्या गिअरवर, ताशी २५-३० किलोमीटरने, मागे माणूस बसवून चालवावी. धक्के न देता ती सहज पुढे गेली, तर ते हेड आपल्या रस्त्यांसाठी योग्य आहे.