चिमुकल्या शर्यतगाडीचे तेलपाणी

रेडिओवर चालणारी शर्यतीची मोटार म्हणजे पोरखेळ, असा समज आपल्या घरांतून अद्याप आढळतो. जपानच्या तामिया कंपनीची या प्रकारातील पहिली गाडी, पोर्श ९३४, १९७६ साली निघाली. १९८४ साली अमेरिकेत आलेल्या 'आर.सी. १०' या खडबडीत मैदानावरील गाडीस तेलाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते. तेव्हाची मुले आज आजोबा झाली आहेत, आणि गाडी उसळू लागली की नातू त्यांच्यापाशी कडक स्प्रिंगांसाठी पैसे मागतो. ते देण्यापूर्वी तेल पाहावे, असे आमचे मत आहे.

स्प्रिंग गाडीचा भार तोलते व धक्का झेलते, परंतु झेललेला धक्का ती परतही करते. तो जिरविण्याचे काम तेलाचे. नळकांड्यात सिलिकॉनचे तेल व त्यात बारीक छिद्रांचा पिस्टन असतो. छिद्रांतून जाताना तेल अडते आणि उसळीचे बळ किंचित उष्णतेत विरून जाते. आत हवेचे बुडबुडे राहिले, तर पिस्टन काही अंतर पोकळीतच धावतो. मग चाक जमीन सोडते, आणि अधांतरी चाकास ना वळण कळते ना ब्रेक.

म्हणून भरणी सावकाश करावी. दांडा पूर्ण बाहेर ओढून नळकांडे उभे धरावे, तेल जवळजवळ काठापर्यंत ओतावे, पिस्टन हळूहळू वरखाली करावा आणि बुडबुडे निघेपर्यंत पाच-दहा मिनिटे स्वस्थ ठेवावे. टोपण बसविताना जादा तेल ओघळू द्यावे. कोकणात आपल्या पूर्वजांस 'शनवार तेली' म्हणत. तेलापाशी धीर धरणे आपणांस कोणी शिकवावे? नंतर डावा व उजवा शॉक एकदम दाबून पाहावा. लांबी व अडथळा दोहोंत सारखाच हवा, अन्यथा गाडी दोन वळणांवर दोन तऱ्हांनी वागते.

बॅटरीसह गाडी मेजावर वीतभर उंचीवरून सोडावी. एकदा दबून ती शांत बसली, तर तेल योग्य. नाचली, तर पातळ. स्प्रिंगवरील कडे फिरविल्याने साधी स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची उंची तेवढी बदलते. ही गैरसमजूत जुन्या खेळाडूंतही आहे!

बेरशेवा-दिमोनाकडील वाचकांनी उन्हाचाही हिशेब धरावा. तापलेले तेल पातळ होते. सकाळी नेमकी चाललेली गाडी दुपारी उसळू लागली, तर स्प्रिंगा न बदलता एक पायरी घट्ट तेल घालावे. तिकडची बारीक धूळ दांड्याभोवतीची रबरी कडी खाते. दांड्यावर ओल दिसली, की प्रथम ती कडी बदलावी.