दुसऱ्या मताचं पेटंट

अमेरिकन पेटंट क्रमांक ४९०७१५६. अर्ज १९८७चा, मंजुरी मार्च १९९०ची. संशोधक तिघे: कुनिओ दोई, हेआंग-पिंग चॅन आणि मेरीएलन गायगर. मालकी शिकागो विद्यापीठाची. दोई मूळचे जपानचे, वासेदा विद्यापीठात शिकून १९६९ मध्ये शिकागोला आलेले.

स्तनाच्या क्ष-किरण चित्रात कॅल्शियमच्या बारीक कणांचा पुंजका दिसला, तर ती कर्करोगाची पहिली चाहूल असू शकते. पण हे कण मिलिमीटरहूनही लहान, आणि मागे ऊतींची दाट गुंतागुंत. पेटंटातली युक्ती अशी, की एकाच चित्राच्या दोन प्रती करायच्या. एकीत असे ठिपके उठून दिसतील अशी प्रक्रिया, दुसरीत ते दबतील अशी. मग एकीतून दुसरी वजा करायची. दोन्हींत सारखी असलेली पार्श्वभूमी बरीचशी कटते आणि संशयाच्या जागा उरतात. यात यंत्र अजून काही ‘शिकत’ नव्हतं; कृत्रिम चेताजाळं याच गटाच्या कामात नंतर आली.

यंत्राकडून मॅमोग्राम वाचून घेण्याचा प्रयत्न १९६७ मध्येही झाला होता. तेव्हा मोठी आशा होती ती यंत्रानं परस्पर निदान करण्याची. दोईंनी यंत्राला खालची पायरी दिली: त्यानं फक्त दुसरं मत द्यावं, निर्णय डॉक्टरांचा. मला त्यांचा सर्वांत धाडसी विचार हाच वाटतो. पण पेटंट मिळतं ते वजाबाकीला. ते दुसरं मत ऐकणारा माणूस कसा वागेल, हे कुठल्याच दाव्यात लिहिता येत नाही.

आर-टू टेक्नॉलॉजी या कंपनीनं हे तंत्रज्ञान परवान्यावर घेतलं आणि १९९८ मध्ये तिच्या ‘इमेजचेकर’ला अमेरिकेत मान्यता मिळाली. डॉक्टरांनी आधी स्वतः चित्र पाहायचं, मग यंत्राच्या खुणा: कणांच्या पुंजक्याला त्रिकोण, गाठीला तारका. मेडिकेअर ही अमेरिकेची सरकारी आरोग्यविमा योजना यासाठी जादा पैसे देऊ लागली, आणि यंत्रं झपाट्यानं पसरली.

२००७ मध्ये जोशुआ फेंटन आणि सहकाऱ्यांनी ४३ केंद्रांवरच्या २ लाख २२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या तपासण्यांचा हिशेब मांडला. यंत्र आलेल्या केंद्रांत बायॉप्सी सुमारे २० टक्क्यांनी वाढल्या. कर्करोग सापडण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक नव्हता. हजारात चार-पाच जणींनाच रोग असेल, तर बहुतेक खुणा खोट्याच ठरणार. आणि डोळ्यांसमोरचा त्रिकोण सोडून द्यायला डॉक्टरचं मन धजावत नाही. न सापडलेल्या कर्करोगाचा जाब द्यावा लागतो, नाहक बायॉप्सीचा सहसा नाही.

भारतात अशा पेटंटचा अर्ज मुळातच अवघड. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(आय) निदानपद्धतींना वगळतं, ३(के) नुसत्या गणनविधींना. त्यामुळे इथले अर्ज यंत्रणा आणि तिच्या तांत्रिक परिणामाच्या भाषेत लिहिले जातात.

दरम्यान, क्षयरोगाच्या बाबतीत गाडी उलट दिशेनं गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये, १५ वर्षं आणि त्यावरील व्यक्तींच्या चाळणी-तपासणीत छातीचा एक्स-रे माणसाऐवजी संगणकानं वाचायला हरकत नाही, असं सांगितलं. त्यासाठी तपासलेल्या प्रणालींत मुंबईच्या क्युअर.एआय या कंपनीचीही एक होती. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या गावात यंत्राचं मत हेच पहिलं. दुसरं मत थुंकीच्या तपासणीचं.